टू झायन : बावीस वर्षांच्या आईचं हिपहॉप

24 फेब्रुवारी 1999. लॉस एंजेलिसमधल्या श्राइन ऑडिटोरियममध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा चालू आहे. लॉरिन हिल नावाच्या 23 वर्षांच्या मुलीला त्या वर्षी 10 नामांकनं आहेत. रात्र संपते तेव्हा तिच्या हातात 5 पुरस्कार असतात. एका रात्रीत इतके ग्रॅमी त्याआधी कोणत्याही बाईला मिळाले नव्हते. कॅरोल किंगचा 1972 चा 4 पुरस्कारांचा विक्रम सत्तावीस वर्षांनी मोडला. शेवटचा आणि सगळ्यांत मानाचा पुरस्कार होता 'अल्बम ऑफ द इयर'. तो मिळाला 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'ला. हिपहॉपच्या अल्बमला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आता या आकड्यांशेजारी आणखी दोन आकडे ठेवा. त्या रात्री लॉरिनचा मुलगा दीड वर्षाचा होता आणि मुलगी तीन महिन्यांची.

म्हणजे हिपहॉपच्या इतिहासातला हा सगळ्यांत गाजलेला अल्बम दोन बाळंतपणांच्या मधोमध तयार झाला. पहिल्या मुलाचा जन्म ऑगस्ट 1997 चा, अल्बम आला ऑगस्ट 1998 मध्ये, तेव्हा दुसरं मूल पोटात होतं आणि नोव्हेंबरमध्ये ते जन्माला आलं. त्या अल्बममधलं चौथं गाणं पहिल्या मुलासाठी आहे. मुलाचं नाव झायन, गाण्याचं नाव 'टू झायन'. सहा मिनिटांहून थोडं मोठं. रेडिओच्या हिशेबाने लांबलचक, नाचायला निरुपयोगी, आणि विषय असा की कुठल्याही म्युझिक कंपनीच्या मीटिंगमध्ये तो पहिल्या पाच मिनिटांत बाद व्हावा. एक तरुण, यशस्वी, अविवाहित गायिका सांगते : मला दिवस गेले, लोक म्हणाले करिअरचा विचार कर, आणि मी मूल ठेवायचं ठरवलं.

हे गाणं भावुक आहे म्हणून आवडणारे खूप आहेत. पण त्या एका निर्णयाच्या मागे केवढा इतिहास उभा होता ते पाहिलं, की हेच गाणं वेगळं ऐकू येतं. तो इतिहास सांगण्यासाठी हा लेख.

'अक्कल वापर' म्हणजे काय?

1996 साली लॉरिन हिल कुठे होती ते आधी पाहू. न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज गावात वाढलेली ही मुलगी शाळेत असतानाच प्राझ मिशेल आणि वायक्लेफ जाँ यांच्यासोबत गात होती. या तिघांचा ग्रुप म्हणजे फ्यूजीज. 1993 च्या 'सिस्टर अ‍ॅक्ट 2' या सिनेमात ती व्हूपी गोल्डबर्गसोबत दिसली. ग्रुपचा पहिला अल्बम 1994 मध्ये आला आणि फारसा चालला नाही. दुसरा, 'द स्कोअर', फेब्रुवारी 1996 मध्ये आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. 'किलिंग मी सॉफ्टली' या जुन्या गाण्याचा फ्यूजीजचा अवतार ब्रिटनमध्ये त्या वर्षीचा सगळ्यांत जास्त खपलेला सिंगल ठरला. पुढच्या वर्षी ग्रुपला दोन ग्रॅमी मिळाले, त्यातला एक सर्वोत्तम रॅप अल्बमचा.

रॅप आणि गाणं दोन्ही एकाच तोडीने करणारी ही मुलगी आता सोलो अल्बम करणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि नेमकी तेव्हाच ती गरोदर राहिली. मुलाचे वडील रोहन मार्ली, म्हणजे बॉब मार्लीचा मुलगा.

तिच्या आसपासच्या लोकांनी काय सल्ला दिला असेल, हे ओळखायला संगीताच्या धंद्यातलं काही कळायची गरज नाही. आपल्याकडेही मोठा प्रोजेक्ट हातात असताना 'गुड न्यूज' सांगायला बायका कचरतात आणि सांगितल्यावर अभिनंदनाच्या पाठोपाठ 'मग आता पुढे काय?' हा प्रश्न येतो. लॉरिनच्या बाबतीत पणाला लागलेली रक्कम कोट्यवधी डॉलरची होती, एवढाच फरक. गाण्यात ती या सल्ल्याचा उल्लेख अगदी थेट करते. लोक तिला डोकं वापरायला सांगतात आणि ती मनाचं ऐकायचं ठरवते. सल्ला देणारे दुष्ट आहेत असं ती कुठे म्हणत नाही. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. तिला तो मान्य नव्हता.

गाण्याची सुरुवात होते कार्लोस सांतानाच्या गिटारने. स्पॅनिश वळणाची, नायलॉनच्या तारांची गिटार, आणि तिच्या मागे लष्करी कवायतीसारखा वाजणारा ड्रम. अंगाईला हा ताल चालणार नाही. हा चालत निघालेल्या माणसांचा ताल आहे, आणि तिच्या निर्णयाला तो शोभतो. पहिल्या कडव्यात ती बायबलमधल्या मेरीची गोष्ट स्वतःवर घेते : देवदूत येतो, मूल होणार असल्याचा निरोप देतो, आणि ती आधी गोंधळते, मग गुडघे टेकते. पुढे समूहगान वाढत जातं आणि शेवटी तर ती जवळजवळ चर्चमध्येच पोचलेली असते. गंमत म्हणजे, कृष्णवर्णीय अमेरिकेत लग्नाआधी आई झालेल्या मुलीला सगळ्यांत आधी खाली बघायला लावणारी जागा चर्चच होती. लॉरिनने त्याच चर्चची भाषा उचलली आणि स्वतःच्या बाजूने वापरली.

झायन हे कुठलं गाव?

मुलाचं नावही साधं नाही. झायन ही मुळात जेरुसलेममधली टेकडी. बायबलमध्ये ती देवाच्या नगरीची खूण होते. अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी बायबलमधल्या या गोष्टी आपल्या करून घेतल्या. इजिप्तमधून सुटलेले इस्रायली म्हणजे आपणच, आणि झायन म्हणजे जिथे आपल्याला कोणी विकणार नाही अशी जागा, हे त्यांच्या भक्तिगीतांतून पिढ्यान् पिढ्या गायलं गेलं.

विसाव्या शतकात जमैकात रास्ताफारी पंथ उभा राहिला आणि त्याने या शब्दाला नवा नकाशा दिला. रास्ताफारींसाठी झायन म्हणजे इथिओपिया, एकूणच आफ्रिका, मूळ घर. त्याच्या विरुद्ध टोकाला बॅबिलॉन, म्हणजे माणसांना पिळून काढणारी पाश्चात्त्य व्यवस्था. बॉब मार्लीच्या गाण्यांतून हे दोन्ही शब्द जगभर पोचले. 1980 च्या 'अपरायझिंग' अल्बममध्ये त्याचं 'झायन ट्रेन' नावाचं गाणंच आहे. बॉब 1981 मध्ये गेला. त्याच्या नातवाचं नाव झायन ठेवलं गेलं, आणि लॉरिनने आपल्या अल्बमचा काही भाग किंग्स्टनमधल्या टफ गाँग स्टुडिओत, म्हणजे मार्लींच्या स्टुडिओत, रेकॉर्ड केला.

त्यामुळे 'टू झायन' या दोन शब्दांत दोन अर्थ शेजारी बसतात. एक, 'झायनला', म्हणजे बाळाला लिहिलेलं पत्र. दुसरा, 'झायनकडे', म्हणजे घराकडे निघालेला प्रवास. लॉरिनचं म्हणणं सरळ आहे : ज्या घराकडे जायची स्वप्नं आमचे लोक चारशे वर्षं पाहत आले, ते मला या पोरात सापडलं.

गाणाऱ्या मुलांच्या आया

हिपहॉपमध्ये आईवर गाणी नव्हती का? भरपूर होती. सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे टुपाक शकूरचं 1995 चं 'डिअर मामा'. टुपाकची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. टुपाक पोटात असताना ती तुरुंगात होती, कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडत होती. मे 1971 मध्ये ती सगळ्या आरोपांतून सुटली आणि पुढच्या महिन्यात टुपाक जन्मला. पुढे तिला अमली पदार्थांचं व्यसन लागलं, घरात गरिबी आली. मुलगा हे सगळं लपवत नाही आणि तरी आईचे आभार मानतो. गाणं थोरच आहे.

पण त्यात बोलणारा मुलगा आहे. आई फोटोत आहे, स्वयंपाकघरात आहे, आठवणीत आहे. माइक मुलाच्या हातात आहे. हिपहॉपमधली आई बहुतेक वेळा अशीच येते : मुलाने यशाच्या शिखरावरून मागे वळून पाहिलेली. मूल ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या, अजून आई न झालेल्या मुलीच्या डोक्यात काय चाललंय, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

रॅप करणाऱ्या बायका आया नव्हत्या असंही नाही. 1984 मध्ये 14 व्या वर्षी 'रॉक्सॅन्स रिव्हेंज' गाऊन न्यूयॉर्क हलवून सोडणारी रॉक्सॅन शांटे किशोरवयातच आई झाली. सॉल्ट-एन-पेपा या ग्रुपमधल्या सॉल्ट आणि पेपा दोघींना 1990 च्या आसपास मुलं झाली आणि त्यांचा सगळ्यांत यशस्वी अल्बम त्यानंतर, 1993 मध्ये आला. ब्रिटनमध्ये नेने चेरी 1988 साली बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर 'बफेलो स्टान्स' गायला आली ती मोठं पोट घेऊन, घट्ट कपड्यांत. म्हणजे वाट अगदीच कोरी नव्हती. पण या बायकांच्या बाबतीत मूल ही त्यांच्या आयुष्यातली गोष्ट होती, गाजलेल्या गाण्यांचा तो विषय नव्हता. लॉरिनने ती गोष्ट अल्बमच्या मध्यावर आणून ठेवली.

कोणाच्या मुलांची मोजदाद होते?

आता थोडं मागे जाऊ. या गाण्याचा खरा संदर्भ मला तिथे दिसतो.

1662 मध्ये व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे त्याच्या आईवरून ठरेल. इंग्रजी परंपरेत मुलाचा दर्जा बापावरून ठरायचा, इथे तो उलटा केला. परिणाम सरळ होता : गुलाम बाईला मालकापासून झालेलं मूलही मालकाचीच मालमत्ता. 1808 पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी आली. त्यानंतर गुलामांची संख्या वाढण्याचा मुख्य मार्ग उरला तो बायकांच्या गर्भातून. मालकाच्या वहीत तिचं बाळंतपण नफ्याच्या रकान्यात जायचं. मूल जन्माला घालणं तिच्यावर लादलेलं होतं आणि ते मूल आपल्याजवळ ठेवणं तिच्या हातात नव्हतं.

गुलामगिरी गेली आणि गणित फिरलं. ज्या मुलांमुळे मालक श्रीमंत होत होते, तीच मुलं आता सरकारला ओझं वाटू लागली. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतली शेतमजूर, पुढे नागरी हक्क चळवळीची मोठी नेती. 1961 मध्ये ती एका लहान शस्त्रक्रियेसाठी हॉस्पिटलात गेली, आणि डॉक्टरांनी तिला न विचारता तिचं गर्भाशय काढून टाकलं. दक्षिणेत हा प्रकार इतका सर्रास चालायचा की हेमर त्याला 'मिसिसिपी अपेंडेक्टोमी' म्हणायची. 1973 मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत रेल्फ नावाच्या दोन अल्पवयीन बहिणींची सरकारी पैशांवर चालणाऱ्या दवाखान्यामार्फत नसबंदी झाल्याचं उघड झालं. त्यांच्या निरक्षर आईला वाटलं होतं की आपण इंजेक्शनच्या परवानगीवर फुली मारतोय.

शस्त्रक्रियेइतकेच शब्दही कामाला आले. 1965 च्या मॉयनिहॅन अहवालाने कृष्णवर्णीय समाजाच्या दुरवस्थेचं एक मूळ बायकांनी चालवलेल्या कुटुंबांत शोधलं. 1976 च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी सरकारी मदतीवर चैन करणाऱ्या बाईची गोष्ट सभा-सभांतून सांगितली आणि 'वेल्फेअर क्वीन' हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. चित्रातली बाई काळी होती, अविवाहित होती आणि तिला बरीच मुलं होती. 1990 च्या डिसेंबरमध्ये नॉरप्लांट या नव्या गर्भनिरोधकाला मान्यता मिळाली, आणि काही दिवसांत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या दैनिकाने अग्रलेखात गरीब कृष्णवर्णीय बायकांना ते वापरण्यासाठी उत्तेजन द्यावं असं सुचवलं. गदारोळ झाला, दैनिकाला माफी मागावी लागली. पण विचार छापण्याइतका सभ्य वाटला होता, हे राहिलंच.

आणि न्यू जर्सी, लॉरिनचं राज्य? 1992 मध्ये न्यू जर्सीने देशात सगळ्यांत आधी 'फॅमिली कॅप'चा कायदा केला. सरकारी मदतीवर असताना बाईला आणखी मूल झालं, तर त्या मुलासाठी वाढीव रक्कम मिळणार नाही. ऑगस्ट 1996 मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी वेल्फेअर सुधारणांच्या कायद्यावर सही केली आणि राज्यांना असे नियम करायला मोकळं रान मिळालं. पुढे वीसहून जास्त राज्यांनी तो कित्ता गिरवला. हे सगळं घडलं त्याच वर्षी 'द स्कोअर' यादीत वर होता, आणि वर्षभराच्या आत झायन जन्मला.

लॉरिन गरीब नव्हती, सरकारी मदतीवर नव्हती. पण ती 22 वर्षांची, काळी, अविवाहित आई होती. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसासाठी ती त्याच चित्रातली बाई होती. गाण्यात ती त्या चित्राशी वाद घालत बसत नाही. आपलं मूल हा आशीर्वाद आहे एवढंच म्हणते, आणि ज्या देशात अशा मुलांची मोजदाद आधी मालमत्ता म्हणून आणि मग खर्च म्हणून झाली, तिथे हे म्हणणं पुरेसं धारदार होतं.

हे गाणं कोणाच्या बाजूचं?

गर्भपाताला विरोध करणाऱ्यांना हे गाणं आपलं वाटतं, आणि ते का वाटतं हेही समजतं. देवदूत आहे, प्रार्थना आहे, सल्ला झुगारून ठेवलेलं बाळ आहे. पण गाण्याचा कणा नीट पाहा. ही मुलगी विचार करते, दोन्ही पर्याय तिच्यासमोर आहेत, आणि ती ठरवते. तिच्यावर कोणी सक्ती केली असती, तर हे गाणं झालंच नसतं. ज्या आनंदाने ती गाते तो निर्णय स्वतःचा असण्याचा आनंद आहे.

नेमकी हीच मांडणी त्या काळात कृष्णवर्णीय स्त्रिया करत होत्या. 1994 मध्ये शिकागोत जमलेल्या काही कार्यकर्त्यांनी 'रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस', म्हणजे प्रजननविषयक न्याय, हा शब्द पुढे आणला. त्यांचं म्हणणं असं की गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांची चळवळ प्रामुख्याने मूल न होऊ देण्याच्या हक्काभोवती फिरते. तो हक्क हवाच. पण आमच्या आज्यांची गर्भाशयं न विचारता काढली गेली. त्यामुळे मूल होऊ देण्याचा हक्क आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवण्याचा हक्क हेही तितकेच महत्त्वाचे. 1997 मध्ये 'सिस्टरसाँग' ही संघटना याच विचारावर उभी राहिली. त्याच वर्षी कायद्याच्या अभ्यासक डॉरथी रॉबर्ट्स यांचं 'किलिंग द ब्लॅक बॉडी' हे पुस्तक आलं, ज्यात गुलामगिरीपासून नॉरप्लांटपर्यंतचा हा इतिहास सलग मांडला आहे. आणि त्याच वर्षी झायनचा जन्म. लॉरिनने हे वाचलं होतं असा माझा दावा नाही. एकाच काळात कोणी संघटना काढतं, कोणी पुस्तक लिहितं आणि कोणी गाणं करतं, तेव्हा प्रश्न हवेतच असतो.

24 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 चा रो विरुद्ध वेड निकाल रद्द केला. अनेक राज्यांत आता गर्भपातावर बंदी आहे, आणि अमेरिकेत बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरण्याचा धोका कृष्णवर्णीय बाईला गोऱ्या बाईच्या जवळपास तिप्पट आहे. अशा देशात 'मी ठरवलं' हे गाणं ऐकताना 'मी' आणि 'ठरवलं' हे दोन्ही शब्द जड होतात.

पुढे काय झालं

गोड शेवट हवा असेल तर लॉरिनचं पुढचं आयुष्य तो देत नाही. अल्बमवर काम केलेल्या चार संगीतकारांनी आपल्याला योग्य श्रेय मिळालं नाही म्हणून 1998 मध्येच खटला भरला, तो 2001 मध्ये कोर्टाबाहेर मिटला. 2002 मध्ये एमटीव्हीचा अनप्लग्ड अल्बम आला : एकटी बाई, एक गिटार, अधूनमधून रडवेला होणारा आवाज. समीक्षक गोंधळले. दुसरा सोलो स्टुडिओ अल्बम आजतागायत आलेला नाही. 2013 मध्ये कर न भरल्याबद्दल तिला तीन महिने तुरुंगात काढावे लागले. तिला एकूण सहा मुलं झाली.

म्हणून काही जण म्हणतात, बघा, सल्ला देणारे बरोबर होते. हा निष्कर्ष घाईचा आहे. मूल झाल्यामुळे करिअर संपलं असतं, तर 'मिसएज्युकेशन' झालाच नसता, कारण तो मूल झाल्यावरच झाला. गरोदरपणात आपल्याला कधी नव्हे इतकं सुचत होतं, असं तिने स्वतः सांगितलं आहे. मुलांना तिने मौनाचं कारण म्हणून पुढे केलं नाही. 2021 च्या एका पॉडकास्टमध्ये तिने सांगितलं की पुढचा अल्बम करायला काय मदत करू, असं विचारायला कंपनीतून कधी कोणाचा फोनच आला नाही. प्रचंड प्रसिद्धी, खटला, पैशांच्या मागे लागलेली माणसं, यातलं काहीच तपासायचं नाही आणि बोट मात्र पाळण्याकडे दाखवायचं, ही सवय जुनी आहे.

अल्बम मात्र वाढतच गेला. 2021 मध्ये अमेरिकेत त्याला डायमंड, म्हणजे 1 कोटी प्रतींचं, प्रमाणपत्र मिळालं. 2024 मध्ये अ‍ॅपल म्युझिकने सर्वोत्तम 100 अल्बमच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला.

एप्रिल 2018 मध्ये कार्डी बीने टीव्हीवरच्या लाइव्ह कार्यक्रमात पांढऱ्या ड्रेसमध्ये गात आपण गरोदर असल्याचं जगाला दाखवलं. तिचा पहिला अल्बम आदल्याच दिवशी आला होता. तिलाही 'मग करिअरचं काय' हे विचारणारे भेटले. पुढच्या वर्षी तिला सर्वोत्तम रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्याआधी तो मिळालेली एकमेव बाई होती लॉरिन, पण फ्यूजीजचा भाग म्हणून. 2023 मध्ये रिहाना सुपर बोलच्या मैदानावर गरोदरपणी गायली, तेव्हा ती बातमी होती, घोटाळा नव्हता.

न्यू जर्सीने फॅमिली कॅपचा कायदा अखेर 2020 मध्ये रद्द केला. झायन त्या वर्षी 23 चा झाला. त्याच्यासाठीचं गाणं जगासमोर आलं तेव्हा त्याची आई तेवढ्याच वयाची होती.